विमानातील राखदाणी आणि सिगारेटचे उरलेले आयुष्य

पूर्वाश्रमीचा

गेल्या महिन्यात विमानप्रवासात एक वस्तू दिसली आणि ती अजून मनातून जात नाही. प्रसाधनगृहाच्या दारावर, धूम्रपानास मनाई असल्याच्या चिन्हापासून वीतभर अंतरावर, धातूची एक लहानशी राखदाणी बसवलेली होती. वरची कड बोटाने ओढली की ती पुढे कलत होती. आत दोन पेरांएवढी पोकळी होती, कोरी, चकचकीत, बहुधा एकदाही न वापरलेली. ज्या विमानात सिगारेट पेटवणे हा गुन्हा आहे त्यात राखदाणी कशाला, म्हणून शोध घेतला, तेव्हा कळले की ती चुकून राहिलेली नाही, ती नियमाने असावीच लागते. १९७३ साली ब्राझीलहून पॅरिसकडे निघालेल्या एका विमानाच्या प्रसाधनगृहात आग लागली, वैमानिकांना ओर्ली विमानतळाच्या अलीकडेच विमान शेतात उतरवावे लागले आणि १२३ जण मृत्युमुखी पडले. कचऱ्याच्या डब्यात टाकलेले जळते थोटूक हे त्या आगीचे संभाव्य कारण मानले जाते. मनाई मोडून कोणी सिगारेट ओढलीच, तर निदान थोटूक कागदी रुमालांत जाऊ नये, एवढ्यासाठी ही तजवीज आहे.

मी स्वतः एकोणीस वर्षे ओढली आणि सहा वर्षांपूर्वी सोडली, तीही सातव्या प्रयत्नात. त्यामुळे त्या राखदाणीकडे पाहताना मला गंमत वाटली. मनाई केल्याने सवय सुटते यावर खुद्द मनाई करणाऱ्यांचाही पुरता विश्वास नाही, असाच तिचा अर्थ होतो.

आता मुख्य मुद्दा. धूम्रपान ओसरत आहे, याविषयी वाद नसावा. अमेरिकेत १९६५ साली प्रौढांपैकी सुमारे ४२ टक्के लोक सिगारेट ओढत असत. २०२२ साली ते प्रमाण १२ टक्क्यांच्या खाली आले. ब्रिटनमध्ये १९७४ साली सुमारे ४५ टक्के प्रौढ ओढत होते, २०२३ पर्यंत तेही साधारण १२ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २००० साली जगात तंबाखूचे सेवन करणारे सुमारे १३८ कोटी लोक होते आणि २०२४ साली, लोकसंख्या एवढी वाढूनही, ते सुमारे १२० कोटी उरले. तेव्हा तीन प्रौढांमागे एक होता, आता पाचांमागे एक आहे.

हे आकडे पाहून माझे अनेक परिचित म्हणतात की आता वेगळे काही करायला नको, जुनी पिढी गेली की सिगारेटही जाईल. या विधानाला माझा आक्षेप आहे. रिचर्ड पेटो या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने फार पूर्वी एक साधे गणित मांडले होते. धूम्रपान आणि त्यातून येणारा मृत्यू यांत काही दशकांचे अंतर असते. आज पंधरा वर्षांच्या मुलाने पहिली सिगारेट नाकारली, तर त्याने टाळलेला मृत्यू हा शतकाच्या उत्तरार्धातील असतो. येत्या पंचवीस वर्षांत जे लोक सिगारेटमुळे मरणार आहेत, ते आज ओढतच आहेत, आणि त्यांच्यापैकी किती जण सोडतात यावरच तो आकडा ठरणार आहे. म्हणजे धूम्रपानाचे भवितव्य हा प्रश्न नव्या पिढीचा जितका आहे, त्याहून अधिक तो आज ज्यांच्या खिशात पाकीट आहे त्यांचा आहे. ‘पिढी बदलेल तेव्हा संपेल’ याचा सरळ अर्थ ‘हे लोक मरतील तेव्हा संपेल’ असा होतो आणि हे वाक्य आपण फार सहजपणे बोलून जातो.

आपली मते या धाग्यात वाचायला आवडतील. ज्यांनी सोडली आहे, ज्यांना सोडायची आहे आणि ज्यांना मुळीच सोडायची नाही, त्या सर्वांची.

काठावरचा

शेवटच्या गटाचा प्रतिनिधी म्हणून लिहितो. मी दिवसाला आठ ओढतो आणि मला ती आवडते, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आपले गणित मला पटले, परंतु घसरणीचे चित्र आपण फार एकरेषीय काढले आहे. तंबाखू सेवन करणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. आफ्रिकेत हे प्रमाण कमी असले तरी लोकसंख्येच्या वाढीमुळे प्रत्यक्ष माणसे वाढत आहेत. चीनमध्ये ३० कोटींहून अधिक लोक सिगारेट ओढतात, जगातील ४० टक्क्यांहून अधिक सिगारेटी तेथेच खपतात आणि हा सगळा धंदा सरकारी मक्तेदारीच्या हातात आहे. ज्या सरकारला सिगारेटमधून महसूल मिळतो, ते ती संपवायला कितपत उत्सुक असेल? श्रीमंत देशांतील सुशिक्षित वर्गाने सोडली, म्हणून जगाने सोडली असे होत नाही.

दुसरे असे की माझे आजोबा नव्वदाव्या वर्षापर्यंत ओढत होते आणि गेले ते झोपेत. हा पुरावा नव्हे, हे मला समजते. तरीही तो रोज डोळ्यांसमोर असतो आणि तुमच्या टक्केवारीपेक्षा जवळचा वाटतो.

स्टेथोस्कोप

मी छातीच्या विकारांच्या विभागात काम करते, तेव्हा काठावरचा यांच्या आजोबांपासून सुरुवात करते, कारण असे आजोबा प्रत्येक रुग्णाजवळ असतात.

रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली लंडनमधील रुग्णालयांतील फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला डॉल यांचा संशय रस्त्यांवरील डांबरावर होता, सिगारेटवर नव्हे. माहिती हाती येऊ लागली तसे त्यांनी स्वतःचे धूम्रपान थांबवले. पुढे १९५१ साली या दोघांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवली. सुमारे ४०,००० जणांनी उत्तरे दिली आणि त्यांतील ३४,००० हून अधिक पुरुष डॉक्टरांचा माग पन्नास वर्षे ठेवला गेला. २००४ साली, डॉल नव्वदी ओलांडलेले असताना, पेटो यांच्यासह त्यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. आयुष्यभर ओढणारे लोक न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले, आणि ओढत राहणाऱ्यांपैकी निदान निम्म्यांचा बळी त्या सवयीनेच घेतला.

‘निम्म्यांचा’ या शब्दातच आजोबांचे उत्तर आहे. उरलेले निम्मे सिगारेटने मरत नाहीत. त्यांतले काही नव्वदीपर्यंत जगतात, नातवंडांच्या आठवणीत राहतात आणि उदाहरण म्हणून सांगितले जातात. दुसऱ्या निम्म्यांतले पुष्कळसे आजोबा होण्याआधीच जातात, त्यामुळे त्यांच्याविषयी कोणी नातू लिहीत नाही.

पण त्याच अभ्यासातील मला अधिक महत्त्वाचा वाटणारा भाग सोडण्याविषयी आहे. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सरासरी सुमारे तीन वर्षे परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत सोडणाऱ्यांना जवळजवळ पूर्ण दहा. ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकते आणि दर वेळी हे आकडे कागदावर लिहून देते. साठीतली तीन वर्षे थोडी नसतात.

शरीरात काय घडते तेही थोडक्यात सांगते. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे ओढणाऱ्याच्या रक्तातील काही जागा सतत अडलेल्या असतात. मात्र दर चार-पाच तासांनी तो निम्मा होत जातो आणि एक-दोन दिवसांत निघून जातो. आमच्याकडे श्वासातील हा वायू मोजणारे हातात मावेल एवढे यंत्र आहे. रुग्ण पंधरा सेकंद श्वास रोखतो, नळीत सावकाश फुंकतो आणि पडद्यावर आकडा चढत जातो : ९, १४, १९, २४. दोन दिवस न ओढता तोच माणूस पुन्हा फुंकतो तेव्हा आकडा ३ वर अडतो. कित्येकदा रुग्ण यंत्र बिघडले आहे का असे विचारतात. छायाचित्रे आणि इशारे यांनी जे होत नाही ते या एका आकड्याने होताना मी पाहिले आहे.

हृदयाचा लाभ लवकर दिसतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळपास निम्म्यावर येतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्म्यावर यायला साधारण दहा वर्षे लागतात आणि तो कधी न ओढणाऱ्याइतका खाली मात्र येत नाही. फुफ्फुसांच्या ताकदीचे म्हणाल तर प्रामाणिकपणे सांगायला हवे : तिशीनंतर प्रत्येकाचीच क्षमता दरवर्षी थोडी घटते, ज्यांना धूर बाधतो त्यांची ती दुपटीने घटू शकते, आणि सोडल्यावर गळतीचा वेग पुन्हा सर्वसाधारण होतो. गेलेले बहुतांशी परत येत नाही. म्हणून सोडूनही जिना चढताना दम लागतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी विचारते की न सोडता पाच वर्षांनी तो जिना चढता आला असता का.

अर्धेपाकीट

हा धागा वाचून प्रथमच लिहीत आहे. वय ४३. पूर्वी दिवसाला वीस ओढत होतो, दोन वर्षांपासून पाचवर आहे. चार वेळा पूर्ण सोडून पाहिली. सर्वांत जास्त टिकलो ते सतरा दिवस. आता घरी सांगतो की तीन चतुर्थांश सुटली. माझा प्रश्न असा आहे की हे तीन चतुर्थांश माझ्या शरीराच्या हिशेबात खरोखर धरले जाते का? आणि दुसरा, थोडा लाजिरवाणा प्रश्न : चार वेळा अपयश आलेल्या माणसाने पाचव्यांदा प्रयत्न करणे हे स्वतःचीच फसवणूक करण्यासारखे नाही का?

स्टेथोस्कोप

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणार नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित विश्लेषणात असे आढळले की दिवसाला केवळ एक सिगारेट ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या हृदयविकाराच्या वाढीव धोक्यापैकी जवळजवळ निम्मा धोका असतो. रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी अगदी थोड्या धुरानेही बिथरतात, त्यामुळे हा हिशेब सरळ भागाकाराने होत नाही. शिवाय संख्या कमी करणारे लोक नकळत प्रत्येक सिगारेट अधिक खोल आणि अगदी गाळणीपर्यंत (फिल्टरपर्यंत) ओढतात, कारण मेंदूला हवे तेवढे निकोटीन तो वसूल करून घेतो. ‘लाइट’ म्हणून विकल्या गेलेल्या सिगारेटींचीही हीच कथा होती. गाळणीभोवतीच्या बारीक छिद्रांतून हवा मिसळे, प्रयोगशाळेतील यंत्रावर आकडे कमी दिसत, आणि माणसाची बोटे मात्र तीच छिद्रे झाकून टाकत.

तरीही पाच हा वीसपेक्षा चांगला मुक्काम आहे, फक्त तेथे घर बांधू नये.

पूर्वाश्रमीचा

अर्धेपाकीट, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण त्या शाळेत मी सहा वेळा नापास झालो आहे.

पहिले तीन प्रयत्न केवळ मनोनिग्रहावर केले. चौथ्यात फक्त निकोटीनचे च्युइंगम होते आणि तेही मी साध्या च्युइंगमसारखे भराभर चघळले, त्यामुळे उचक्या लागल्या आणि मी ते फेकून दिले. ते दोन-चार वेळा चावून गालाच्या आत ठेवून द्यायचे असते, म्हणजे निकोटीन तोंडाच्या अस्तरातून शोषले जाते, हे मला वर्षभराने समजले. पाचवा प्रयत्न चार महिने टिकला आणि जुन्या मित्रांच्या भेटीत ‘एकच’ म्हणून घेतलेल्या सिगारेटीने बुडाला. दुसऱ्या दिवशी मी पाकीट विकत घेतले. सहाव्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

या सहांपैकी प्रत्येकाने मला एक विशिष्ट गोष्ट शिकवली, असे आज मागे वळून पाहताना दिसते. सकाळची पहिली सिगारेट माझ्यासाठी सर्वांत कठीण आहे. फोनवर बोलताना हात रिकामा राहिला की मी अस्वस्थ होतो. आणि ‘एकच’ नावाची सिगारेट अस्तित्वात नसते. ही माहिती कुठल्याही पुस्तकात नव्हती, ती माझी मलाच गोळा करावी लागली. म्हणून आपले चार प्रयत्न मी अपयश न मानता तपासणी मानतो.

सातव्या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्वचेतून निकोटीन देणारी दिवसभराची पट्टी आणि तलफ येईल तेव्हा च्युइंगम असे दोन्ही एकत्र घेतले. तिसरा दिवस सर्वांत वाईट होता. त्या दिवशी माझा उजवा हात किती वेळा शर्टाच्या खिशाकडे गेला हे मी दुपारपासून मोजले, तर रात्रीपर्यंत ४१ वेळा. खिसा रिकामा आहे हे ठाऊक असूनही बोटे आत जात, शिवणीपाशी थांबत आणि परत येत. मी घड्याळ लावून पाहिले तेव्हा लक्षात आले की तलफ कितीही जोराची असली तरी ती चार-पाच मिनिटांत ओसरते, मग आपण ओढा किंवा ओढू नका. एकोणीस वर्षे मला वाटत होते की ती सिगारेटमुळे ओसरते.

एक सूचना, जी मला कोणी वेळेवर दिली नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) अधिक जोमाने काम करते आणि कॅफीन लवकर निकामी होते. सोडल्यावर ते विकर मंदावते आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून मिळालेले कॅफीन रक्तात पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वेळ टिकते. पहिल्या आठवड्यातील धडधड, थरथर आणि रात्रीची जाग यांचे सगळे खापर मी निकोटीनच्या अभावावर फोडत होतो. कॉफी निम्मी केली आणि बरीचशी तक्रार गेली.

आकडेमोड

चर्चा व्यक्तिगत अनुभवांकडे वळली आहे, ते योग्यच आहे, पण काठावरचा यांनी सरकारांविषयी विचारलेला प्रश्न अनुत्तरित राहू नये.

महसूल आणि आरोग्य यांच्यात सरकार महसूल निवडते, हे बऱ्याच अंशी खरे असले तरी करवाढीत दोन्ही साधतात. किंमत १० टक्क्यांनी वाढली की श्रीमंत देशांत खप साधारण ४ टक्क्यांनी आणि इतर देशांत ५ टक्क्यांच्या आसपास घटतो. खप घटतो त्यापेक्षा किंमत अधिक वाढत असल्याने तिजोरीतही भर पडते. त्यातही तरुण आणि कमी उत्पन्नाचे लोक किमतीला सर्वाधिक प्रतिसाद देतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २००५ साली अमलात आला. त्याच्या आगेमागे आयर्लंडने मार्च २००४ मध्ये कामाच्या बंदिस्त ठिकाणी, अगदी मद्यगृहांतही, धूम्रपान बंद केले. ते टिकणार नाही असे म्हटले जात होते, पण ते टिकले आणि अनेक देशांनी उचलले. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून पाकिटांवरील बोधचिन्हे व रंग काढून सर्व पाकिटे एकाच मळकट तपकिरी रंगाची केली.

आता नवी कल्पना आहे ती जन्मवर्षावर आधारलेल्या बंदीची. न्यूझीलंडने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा केला की १ जानेवारी २००९ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना तंबाखू कधीच विकायचा नाही. सरकार बदलले आणि २०२४ च्या आरंभी तो कायदा अमलात येण्यापूर्वीच रद्द झाला. मालदीवने मात्र २००७ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी अशी बंदी नोव्हेंबर २०२५ पासून प्रत्यक्षात आणली. या उलट भूतानने २००४ साली सर्वांसाठीच तंबाखूची विक्री बंद केली होती. तस्करी थांबली नाही आणि २०२१ साली ती बंदी उठवावी लागली.

मूळ लेखातील मुद्दा येथे लागू होतो. जन्मवर्षाची बंदी कितीही चांगली असली तरी ती आज चाळिशीत असलेल्या अर्धेपाकीट यांच्यासाठी काहीच करत नाही. त्यांच्यासाठी पट्टी स्वस्त असणे आणि समुपदेशक दूरध्वनीवर मिळणे महत्त्वाचे आहे. कायदा करणाऱ्यांना मात्र जन्मवर्षाची घोषणा अधिक आवडते, कारण तिला आज खर्च येत नाही.

काठावरचा

करांविषयीचा मुद्दा मान्य. परंतु धूर संपून ई-सिगारेटची वाफ येत असेल तर आपण नक्की कशाच्या अस्ताविषयी बोलत आहोत? जपानमध्ये तंबाखू जाळण्याऐवजी तापवणारी उपकरणे आल्यापासून सिगारेटचा खप झपाट्याने कोसळला, स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायच्या तंबाखूच्या पुड्यांमुळे धूम्रपान युरोपात सर्वांत कमी पातळीवर गेले. निकोटीन तेच, गिऱ्हाईक तेच, आणि पुष्कळदा कंपन्याही त्याच. हा व्यसनाचा ऱ्हास आहे की केवळ वेषांतर?

स्टेथोस्कोप

प्रश्न रास्त आहे आणि त्यावर माझ्या सहकाऱ्यांतही एकमत नाही, म्हणून माझे मत माझे म्हणूनच घ्यावे.

व्यसन निकोटीन लावते, पण मारतो तो प्रामुख्याने धूर. जळणाऱ्या तंबाखूतून हजारो रसायने निघतात आणि त्यांतील किमान सत्तर कर्करोगकारक म्हणून ओळखली गेली आहेत. त्यामुळे एखादा प्रौढ पूर्णपणे वाफेवर गेला आणि सिगारेट कायमची सुटली, तर त्याच्या धोक्यात मोठी घट होते, असे मी मानते. नियंत्रित चाचण्यांत निकोटीनयुक्त ई-सिगारेटने सोडणाऱ्यांचे प्रमाण पट्टी आणि च्युइंगमपेक्षा अधिक आढळले आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या एका खिशात सिगारेट आणि दुसऱ्यात वाफेचे यंत्र असते, आणि त्यांचा फुंकण्याचा आकडा २४ चा २२ होतो. ज्याने कधीच ओढली नाही अशा मुलाच्या हातात ते यंत्र जाणे, याला तर कोणताही बचाव नाही. अनेक देशांत या उपकरणांवर पूर्ण बंदी आहे, हेही लक्षात ठेवावे. ओठाखालच्या तंबाखूचे स्वीडनमधील उदाहरण जगभर चघळल्या जाणाऱ्या सर्व तंबाखूला लावणे तर धोक्याचे आहे, कारण त्यांतील अनेक प्रकारांमुळे तोंडाचा कर्करोग होतो.

माझ्या हाती असलेल्या औषधांवर मला अधिक भरवसा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली व्यसनमुक्तीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत पट्टी-च्युइंगमसारखी निकोटीनची पर्यायी साधने आणि व्हेरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन व सिटिसिन या औषधांची शिफारस आहे. सिटिसिन हे लॅबर्नम या पिवळ्या फुलांच्या झाडापासून मिळते आणि पूर्व युरोपात ते १९६० च्या दशकापासून वापरात आहे. कोणत्याही मदतीविना केलेल्या प्रयत्नांपैकी वर्षाअखेर शंभरांत तीन ते पाचच टिकतात. औषध आणि समुपदेशन जोडले की ही शक्यता दुपटीहून अधिक होऊ शकते. मदत घेणे म्हणजे मनाचा दुबळेपणा, ही समजूत माझ्या मते कंपन्यांच्या जाहिरातींइतकीच घातक ठरली आहे.

खिडकीशेजारी

मी कधी ओढली नाही, पण ओढणाऱ्याबरोबर तीस वर्षे संसार केला. तंबाखूमुळे दरवर्षी सत्तर लाखांहून अधिक लोक मरतात, त्यांत दहा लाखांहून अधिक जण दुसऱ्याच्या धुराने जातात, हे वाचले तेव्हा मला प्रथम आमचे पडदे आठवले. दर सहा महिन्यांनी धुताना बादलीतले पाणी पिवळट तपकिरी होत असे.

यजमानांनी ६१ व्या वर्षी सोडली. कारण माझे बोलणे नव्हे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी शल्यविशारदांनी सांगितले की किमान चार आठवडे आधी सोडा, म्हणजे जखम नीट भरेल आणि भुलीनंतर फुफ्फुसांचा त्रास टळेल. चार आठवडे झाल्यावर ते म्हणाले की आता पुन्हा सुरू करायला वेगळे कारण लागेल. त्यांचे वजन पाच किलो वाढले आणि चिडचिड दोन महिने टिकली. काही मिळाले असेल तर त्यांना तोंडाची चव मिळाली आणि मला रात्रीची झोप, कारण त्यांची ढास थांबली.

अर्धेपाकीट

वजन आणि चिडचिड यांचीच मला धास्ती आहे. माझ्या कामात ताण फार असतो आणि सिगारेट हाच त्यावरचा माझा उतारा आहे. तो काढून घेतला तर उरते काय?

स्टेथोस्कोप

वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतात, हे खरे आहे. सिगारेटने होणाऱ्या हानीपुढे ती वाढ किरकोळ आहे.

ताणाविषयी मात्र आपली फसगत होत आहे. निकोटीन झुरक्यापासून काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्मे होते. म्हणजे दर दीड-दोन तासांनी जी अस्वस्थता येते, ती आधीच्या सिगारेटने निर्माण केलेली असते आणि पुढची सिगारेट ती तात्पुरती शमवते. आपण कर्ज काढून त्याच कर्जाचे व्याज फेडत आहात आणि त्याला उत्पन्न समजत आहात. सोडणाऱ्यांची चिंता व उदासी काही आठवड्यांनंतर, ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत, कमी झालेली आढळते. हे मानसिक आजार असलेल्यांतही दिसून आले आहे. अशा आजारावर औषधे चालू असतील तर सोडण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण वर उल्लेखलेल्या विकरामुळे काही औषधांच्या मात्रा कमी कराव्या लागतात.

काठावरचा

मी अजून काठावरच आहे, हे नोंदवतो. पण काल आठांपैकी प्रत्येक सिगारेटची वेळ लिहून ठेवली. सकाळच्या दोन वगळता बाकी सगळ्या तास ते पावणेदोन तासांच्या अंतराने होत्या, जणू कोणी गजर लावून ठेवला होता. मला ती आवडते असे मी वर लिहिले होते. त्या सहांपैकी किती आवडून ओढल्या, हे मला आज सांगता येत नाही.

अर्धेपाकीट

आज अकरावा दिवस. पट्टी आणि च्युइंगम दोन्ही घेत आहे, च्युइंगम गालात ठेवतो, कॉफी एकवर आणली आहे. चौथ्या दिवशी रात्री सव्वादोनला उठून घरभर लायटर शोधला, सापडला, आणि सिगारेट मात्र घरात नसल्याने अंधारात नुसता लायटर पेटवून बसलो. पत्नी काही बोलली नाही. समुपदेशकांकडे फुंकून पाहिले, आकडा २ आला, आणि खरे सांगतो, मीही यंत्र बिघडले आहे का असे विचारले. हात खिशाकडे जातो, पण काल दिवसभरात १३ वेळाच. आता बरे वाटत असल्याने पुढच्या आठवड्यात पट्टी बंद करावी, असा विचार आहे.

स्टेथोस्कोप

ती एवढ्यात बंद करू नका. बरे वाटते आहे ते पट्टीमुळे. आठ ते बारा आठवडे लावायची असते आणि मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायची असते. सतराव्या दिवशी आपण पूर्वी घसरला होता, तेव्हा त्या दिवसाची सायंकाळ कोठे आणि कोणाबरोबर काढायची, हे आजच ठरवून ठेवा. आणि तो लायटर कोणाला तरी देऊन टाका.